चाळीस भागांत न दिसलेली घंटा

१

ललित पाण्यात गेला त्याला नऊ आठवडे झाले होते. आणि त्या गुरुवारी दुपारी ठीक बारा वाजता त्याच्या चित्रकथेचा पुढचा भाग आला.

कामिनी तेव्हा अक्कलकुव्यातल्या वाचनालयात टेबलामागे बसून पुस्तकांना कव्हरं घालत होती. फोन थरथरला. तिनं सवयीनं पाहिलं आणि हातातली कात्री हळूच खाली ठेवली. ‘बुडीत – भाग ३९’. खाली नेहमीची सही होती: एक ‘ल’ आणि त्याच्या शेपटीतून निघालेली पाण्याची रेघ.

‘बुडीत’ ही ललितची चित्रकथा गेली तीन वर्षं फोनवर येत होती. नर्मदेच्या धरणाखाली गेलेलं एक गाव, त्यातली शाळा, आणि पाण्याखालून अजून ऐकू येणारी त्या शाळेची घंटा. ती घंटा वाजवतं कोण, याचा शोध घेत होडीतून फिरणारी जसोदा ही नायिका. घंटा ललितनं कधीच दाखवली नव्हती. तो फक्त पाण्यावर वर्तुळं काढायचा, पण वाचणाऱ्याला आवाज ऐकू यायचा.

कामिनी तापीकाठच्या गुजर घरातली. वय पंचेचाळीस, अविवाहित, नोकरीमुळे डोंगराच्या पायथ्याशी येऊन राहिलेली. ‘बुडीत’च्या वाचकांचा एक ग्रुप तिनं सुरू केला होता. पुढे काय होणार, याचे अंदाज बांधत सातशे माणसं त्यात तासन्‌तास भांडायची. वाचनालयात रोज येणारे धुडकू गुरुजी त्या ग्रुपचे भीष्माचार्यच. निवृत्त शिक्षक, उमेदीची अकरा वर्षं नर्मदाकाठच्या एका शाळेत काढलेली, ती शाळा पुढे पाण्याखाली गेली. चूक त्यांना सहन होत नसे. मागे एका वाचकानं पितळेच्या गोल घंटेचं चित्र काढून टाकलं, तर गुरुजींनी लगेच लिहिलं होतं: “तिकडच्या शाळांत अशी घंटा नसते. रुळाचा तुकडा टांगलेला असतो. अकरा वर्षं मी स्वतः वाजवला आहे.”

जानेवारीत ललित चित्रं काढायला नर्मदेवर गेला. संध्याकाळी त्याची होडी मणिबेलीच्या अलीकडे पाण्यात रिकामी सापडली. शव मिळालं नाही. कथा अडतिसाव्या भागावर थांबली, ग्रुपवर चार दिवस श्रद्धांजल्या आल्या, आणि मग सगळं शांत झालं.

आता हा एकोणचाळिसावा भाग. कामिनीनं चित्र मोठं करून पाहिलं. वरून दिसणारी रिकामी होडी, आजूबाजूला पाण्याबाहेर डोकावणारे सुकलेल्या झाडांचे शेंडे. होडीत एक पिशवी होती आणि एक चप्पल.

ललितची होडी सापडली तेव्हा तिच्यात नेमकं एवढंच होतं.

२

ग्रुप पेटला. कोणी म्हणालं, ललित जिवंत आहे. कोणी म्हणालं, भाग आधीच काढून ठेवले असतील. “पण मग त्याला आपल्या होडीत काय उरणार हे आधीच कसं माहीत?” असं एकानं विचारलं.

पुढच्या गुरुवारी चाळिसावा भाग आला. हिरवट काळोख, त्यात खाली खाली जाणारी जसोदाची वेणी, आणि कुठून तरी जवळून येणारा घंटेचा आवाज. घंटा याही वेळी दिसली नाही. अंदाजांचा पाऊस पडला. जसोदाचा बापच घंटा वाजवतो; मासे धडकतात; जसोदा पहिल्या भागापासून मेलेलीच आहे. गुरुजींनीही लिहिलं, नेहमीपेक्षा थोडक्यात: “झाडाला नांगराचा तवा टांगलेला आहे. जसोदा त्यावर हात ठेवते, म्हणून आवाज थांबतो. पण ती मरत नाही. ती वर येणार. हे मी तीन वर्षं सांगतोय.”

कामिनीनं ते वाचलं आणि पुढे सरकली. तिचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे होतं. कोणी तरी लिहिलं होतं, “कथेत होडीवाल्यानंच मारलं असणार. आणि खऱ्यातही.” त्याखाली फोटो होता वीरसिंगचा, ज्याची होडी ललितनं नेली होती. दोन तासांत तो फोटो जिल्हाभर फिरला. पोलिसांनी त्याला आधीच चार वेळा बोलावून त्याची होडी जमा करून घेतली होती. आता मोलगीच्या बाजारात दोघांनी त्याची कॉलर धरली, त्याची बायको दगूबाई मध्ये पडली तर तिलाही ढकललं.

तो फोटो कामिनीच्या ग्रुपमधून गेला होता. तिनं तो काढून टाकला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिला रात्री जेवण गेलं नाही. सकाळी तिनं रजेचा अर्ज लिहिला आणि मोलगीची जीप पकडली.

३

मोलगीहून पुढे दुसरी जीप, मग तासभर पायी उतार. वीरसिंग झोपडीपुढे जाळं दुरुस्त करत बसला होता. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. फोनवाली बाई आली म्हटल्यावर दगूबाई उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

“मी पोलिसांना सगळं सांगितलं आहे, बाई,” वीरसिंग शाळेतलं मराठी जपून जपून बोलत होता. “ते मानत नाहीत.”

“मला सांगा. मी ऐकायला आले आहे.”

खाली पाणी पसरलं होतं. वारा नव्हता. सुकलेल्या झाडांचे शेंडे पाण्यातून वर आले होते, बुडणाऱ्यानं हात वर करावेत तसे. कामिनीनं हे सगळं शंभर वेळा चित्रात पाहिलं होतं, आणि आता खरं पाहताना तिला चित्रातच आल्यासारखं वाटलं.

“सकाळी तो आला, होडी मागितली,” वीरसिंग म्हणाला. “म्हणाला, अजून एक माणूस येणार आहे, तो पलीकडच्या टेकडीखाली होडीत बसेल. मी रानात गेलो. दुपारी वरून पाहिलं, होडीत दोघं होते. लांब होते, तोंड दिसलं नाही. पण पाण्यावर आवाज लांब येतो. दुसरा माणूस ओरडत होता.”

“काय ओरडत होता?”

वीरसिंगनं जाळं खाली ठेवलं. “तुमच्या खालच्या मुलखाची बोली. म्हणत होता, ‘तू तिले मारू नको. तू तिले मारू नको.’ रडत ओरडत होता.”



“तिला? होडीत बाई होती?”

“नव्हती. पोलिसांनी हेच विचारलं. कोणती बाई मेली, कुठे आहे? कोणी बाई हरवलेली नाही. म्हणून ते म्हणतात वीरसिंग खोटं बोलतो.” तो पाण्याकडे बघत राहिला. “बाई नव्हती, पण तो तिच्यासाठी रडत होता.”

परतीच्या चढावर, श्वास फुलला असताना, कामिनी मधेच थांबली. कोणीही न पाहिलेली, जिच्यासाठी ग्रुपवर सातशे माणसं भांडत होती, अशी एक ‘ती’ होती की!

जसोदा.

४

म्हणजे होडीतल्या माणसाला कथेचा शेवट माहीत होता. ललित शेवट कोणाला सांगत नसे. एकच माणूस अपवाद, कुंदन. ललितचा बालमित्र. बसस्टँडजवळ त्याचं मोबाईलचं दुकान होतं आणि ‘बुडीत’चं फोनवरचं पान तोच सांभाळायचा.

कामिनीनं विचारताच कुंदनच्या कपाळावर घाम आला.

“ताई, मन्ही शपथ शे, नवा भाग मी नही टाकस,” तो अहिराणीत म्हणाला आणि मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “गुरुवार उना का मन्हा हातपाय गार पडतस. माले वाटस तोच टाकी ऱ्हायना.”

“तुमचं भांडण झालं होतं म्हणे.”

“व्हयनं व्हतं. खरं शे. तो म्हने, चाळीसावा भागमां जसोदाले बुडाडस. मी म्हनू, लोक चिडतीन. पन ते भांडण आठेच, दुकानमां. नदीवर मी तठे गऊच नही. माले पानीनं भ्याव लागस, पुऱ्या गावले माहीत शे.”

 कामिनीला त्याची भीती खरी वाटत होती. पण घाबरलेला माणूस निर्दोष असतोच असं नाही.

“पानाचा पासवर्ड कोणाकडे आहे?”

“मन्हाकडे. नि ललितकडे व्हता.” तो अडखळला. “नि त्यानी बहीणकडे. रुचिकाताई. ती रंग भरे ना.”

रुचिका नंदुरबारला राहत होती. भावाच्या मृत्यूनंतर तिनं ग्रुप सोडला होता. लोक तिच्या डोळ्यांदेखत तिच्या भावाच्या मरणाचे अंदाज बांधत होते, ते तिला बघवलं नव्हतं. कामिनीनं तिला फोन लावला. 

“या,” रुचिका म्हणाली. “मला वाटलंच होतं, तुम्ही याल. फक्त कोणाला सांगू नका. खास करून ग्रुपवर.”

५

रुचिकाच्या टेबलावर शाईच्या बाटल्या होत्या आणि एक्केचाळिसाव्या भागाच्या कोऱ्या चौकटी.

“मीच काढते,” ती म्हणाली. “त्याच्या कच्च्या रेषा माझ्याकडे होत्या. तीन वर्षं त्याच्या रेषांत रंग भरलेत, त्याचा हात माझ्या हातात बसला आहे. चप्पल आणि पिशवी मात्र मी घातली. कोणाला तरी भीती वाटावी म्हणून.”

“कोणाला?”

रुचिकानं कपाटातून एक चित्रवही काढली. पिशवीत सापडलेली. पोलिसांनी बघून परत केलेली. मधलं एक पान फाडलेलं होतं. शिवणीशी कागदाचा दातेरी काठ तेवढा उरला होता.

“त्या दिवशी होडीत काढलेलं पान. ते वाहून गेलं असेल असं पोलीस म्हणाले. पण ललित वहीतलं पान कधी फाडत नसे. मग मी खालच्या पानावर आडवी पेन्सिल फिरवली. तो दाबून काढायचा.”

करड्या रंगातून पांढऱ्या रेषा वर आल्या होत्या. पाण्याखाली डोळे मिटलेली जसोदा. चिंचेची फांदी. फांदीला साखळीनं टांगलेली घंटा. जसोदाचा तळवा त्या घंटेवर टेकलेला.

घंटा कामिनी पहिल्यांदा पाहत होती. एक सपाट गोल चकती. मधोमध चौकोनी भोक.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

“ट्रॅक्टरच्या नांगराचा तवा. आमच्या तापीकाठच्या शाळेत घंटा म्हणून तोच होता, ललितला तेवढंच माहीत. हे पान होडीतल्या माणसानं पाहिलं. मी कथा पुढे नेली ती एवढ्यासाठीच. कधी तरी, कुठे तरी, तो हे बोलून जाईल. पण पानावर हजारो प्रतिक्रिया आल्या, तव्याचं नाव कोणीच काढलं नाही.”

कामिनी खुर्चीवर बसली.  तव्याची प्रतिक्रिया पानावर आलीच नव्हती. ती आली होती ग्रुपवर, जो रुचिकानं सोडला होता.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात धुडकू गुरुजी एकटेच होते. कामिनीनं दाराला आतून कडी घातली आणि त्यांच्यासमोर बसली.

“गुरुजी, घंटा कशी असते तिकडच्या शाळेत?”

“रुळाचा तुकडा,” ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. “सांगितलंय मी.”

“मग तुम्ही तवा का लिहिलंत?”

वर्तमानपत्र स्थिर झालं.

“डोंगरात ट्रॅक्टर चढत नाही. तिथे तवा कुठून येणार? दुसऱ्या कोणी तवा लिहिलं असतं, तर म्हटलं असतं सहज सुचलं असेल. पण तुम्ही अकरा वर्षं स्वतःच्या हातानं तो रूळ वाजवलात. दुसऱ्याची चूक तुम्ही सोडत नाही. तव्याची ती चूक ललितनं एकदाच केली, एकाच कागदावर, त्या होडीत. आणि तुम्ही तीच चूक तशीच उचललीत.”  कामिनीला हा माणूस आवडत होता. “तुम्ही तो कागद पाहिलात, गुरुजी.”

गुरुजींनी चष्मा काढला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय फार लहान दिसत होते.

“रोज बघतो,” ते म्हणाले. “घरी आहे. इतक्यांदा पाहिला, की बाकीच्यांनी पाहिलेला नाही हे विसरूनच गेलो.”

मग ते थांबत थांबत बोलले. त्यांच्या शाळेत एक मुलगी होती. पाणी चढलं त्या वर्षी शाळा वरच्या टेकडीवर नेली, आणि ती मुलगी घरच्या होडीतून एकटी यायची. एक दिवस आली नाही. गुरुजी घंटा वाजवत राहिले, आवाजाच्या दिशेनं येईल म्हणून. तिसऱ्या दिवशी ती सापडली. ही गोष्ट त्यांनी ललितला सांगितली होती आणि त्यातून जसोदा जन्मली होती.

“तीन वर्षं ती माझ्यासमोर होडीतून हिंडत होती. त्यानं मला बोलावलं, म्हणाला, शेवट तुम्हालाच आधी दाखवायचा आहे. आणि दाखवलं काय, तर हे.” त्यांचा आवाज फुटला, भाषा घरची झाली. “मी म्हनू, तू तिले मारू नको. एकदाव बुडनी ती. मी तिले दुसऱ्यांदाव बुडू देवाव का?”

“मग?”

“मी कागद ओढला. तो उभा राहिला, ‘पलटा, गुरुजी, पलटा’ ओरडत होता. होडी परत फिरवा म्हणत असेल. होडी कलली आणि तो गेला. पाणी थंडगार. दोनदा वर आला.” गुरुजींनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले, जणू ते दुसऱ्या कोणाचे असावेत. “वल्हं माझ्या हातात होतं, कामिनी. पुढे करायला हवं होतं. मला वाटलं, हा राहिला नाही तर ती राहील. क्षणभरच वाटलं. तेवढ्यात सगळं शांत झालं. मी पलीकडे उतरलो, होडी ढकलून दिली, जुन्या पायवाटेनं वर आलो.”

“आणि वीरसिंग? त्याची बाजारात कॉलर धरली, गुरुजी. त्याच्या बायकोला ढकललं.”

“नवे भाग यायला लागले तेव्हा वाटलं ललितच काढतोय. माझ्याशी बोलतोय. म्हटलं, तोच सांगेल सगळ्यांना. मला तोंड उघडावं लागणार नाही.”

“तो सांगणार नाही. आपण जाऊ या,” कामिनी म्हणाली आणि कडी काढली.

गुरुजी उठले. वर्तमानपत्राची नीट घडी घालून त्यांनी ते जागेवर ठेवलं. पोलीस ठाण्यापर्यंत दोघंही चालत गेली, वाटेत तीन ओळखीची माणसं भेटली आणि तिघांनीही गुरुजींना नमस्कार केला.

७

वीरसिंगला होडी परत मिळाली. पोलिसांना गुरुजींनी दाखवलेल्या जागी त्यानंच नेलं. पाणी उतरायला लागलं होतं. बुडालेल्या एका चिंचेच्या फांद्यांत ललित अडकलेला सापडला. रुचिकानं भावाचं सगळं केलं. कामिनीनं ग्रुपवर वीरसिंगची माफी मागितली, स्वतःच्या नावानं, आणि नवे अंदाज लिहिणं बंद केलं. दगूबाईला भेटायला ती मोलगीला गेली, तेव्हा दगूबाईनं तिला पाणी दिलं, पण बोलली नाही.

एक गोष्ट मात्र कामिनीला झोपू देईना. ‘पलटा.’ होडीला कोणी पलटा म्हणत नाही, फिरवा म्हणतं, वळवा म्हणतं. पलटतात ते पान.

तिनं गुरुजींना एकदाच विचारून घेतलं होतं: कागदाची मागची बाजू पाहिली का? नाही. कागद ओला होता, फाटू नये म्हणून त्यांनी घरी येताच तो खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवला होता. आता तो पोलिसांच्या ताब्यात होता. पण चित्रवही रुचिकाकडेच होती.

“तू खालच्या पानावर पेन्सिल फिरवलीस,” कामिनी तिला म्हणाली. “पान उलटून मागे काढलं असेल, तर दाब आधीच्या पानावर पडेल. त्यावर फिरव.”

रुचिकानं आधीच्या पानावर आडवी पेन्सिल फिरवली. करडा रंग हळूहळू पसरला आणि त्यातून पांढऱ्या रेषा उगवल्या. आधी पाण्याची वर्तुळं. मग केस. मग तोंड उघडून श्वास घेणारी, पाण्याबाहेर छातीपर्यंत आलेली जसोदा. खाली ललितच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘गुरुजींचं खरं.’

रुचिका खूप वेळ रडली. मग तिनं शाई घेतली आणि शेवटचा भाग पूर्ण केला.

तो प्रसिद्ध झाल्यावर कामिनी तुरुंगात गुरुजींना भेटायला गेली. त्यांना सांगावं की नाही, यावर वाटभर तिचं मन दोन्हीकडे ओढत होतं. गजाआड गुरुजी वाळले होते, दाढी वाढली होती. त्यांनी वकिलाचं विचारलं नाही, तारखेचं विचारलं नाही.

“शेवटचा भाग आला का?”

“आला.”

“कोणाचा अंदाज बरोबर निघाला?”

कामिनीनं गज धरले. खोटं बोलणं सोपं होतं. पण या माणसानं आयुष्यभर चूक खपवून घेतली नव्हती.

“तुमचा, गुरुजी,” ती म्हणाली. “ती वर येते. ललितनं त्याच कागदाच्या मागच्या बाजूला काढून ठेवलं होतं.”

गुरुजींचा चेहरा उजळला. ग्रुपवर अंदाज खरा ठरला की उजळायचा तसाच, लहान मुलासारखा. “मी सांगत होतो,” ते म्हणाले, “मी तीन वर्षं सांगत—”

आणि तिथेच ते थांबले.